घागरीखालची प्लेट

आबा, गाडीचा क्लच गेलाय. ऐकून तुम्ही हसला असतात, कारण गाडी म्हणजे दोन माणसांची, लाल, जमिनीला पोट टेकलेली जुनी स्पोर्ट्स कार, आणि तिचा मालक मी. कसबा बावड्यात एका बंगल्यामागं ताडपत्रीखाली कित्येक वर्षं उभी होती. मी तिथं गेलो होतो पाण्याची मोटर बघायला. मोटर राहिली बाजूला आणि हीच घेऊन आलो. अजून तसाच आहे मी. तुम्ही गेल्याला अकरा वर्षं झाली. तेवढ्या काळात गोव्यात टॅक्सी चालवली, हुबळीत टायरच्या दुकानात राहिलो, पुण्यात जुन्या गाड्या पुसल्या, कुठंच वर्षभर टिकलो नाही. साठलं होतं ते या गाडीत घातलं, आणि महिन्याभरात पन्हाळ्याच्या चढाला इंजिन नुसतं ओरडायला लागलं. गाडी जागची हलेना.

मग उद्यमनगरात गेलो, तुमच्या शेजारच्या गाळ्यातल्या मामांकडं. तुमच्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं विकतात. मामांनी गिअरबॉक्स उतरवला, क्लच प्लेट काढून बाकड्यावर टाकली आणि म्हणाले, तीनच गोष्टी होतील. परदेशातनं नवा सेट मागवायचा, तर गाडीला गेला तेवढाच पैसा परत जाणार. पुण्यातला माझा एक मित्र शर्यतीच्या गाडीतला वापरलेला क्लच स्वस्तात द्यायला तयार आहे, पण मामांच्या मते ते आपल्या रस्त्याचं काम नव्हं. सोडला की गाडी बेडकासारखी उडी मारणार आणि दसरा चौकातल्या सिग्नलला माझी मांडी भरून येणार. तिसरं म्हणजे तुमचं काम. प्लेटवरचं झिजलेलं लायनिंग काढून नवं रिबिटांनी ठोकायचं. मी लगेच म्हटलं, लायनिंगच मारा. तर मामा हात पुसत म्हणाले, "मारतो, पण गॅरंटी न्हाय. तुझ्या बापाचं लायनिंग मुडशिंगीच्या जीपला चार दिवस टिकलं न्हाय, तिथं माझं काय घेऊन बसलास? तवापासनं या गल्लीत लायनिंगची गॅरंटी कोण देत न्हाय."

तिथंच बोलायला पाहिजे होतं. तोंड उघडलं, आणि विचारलं की चहा सांगू का.

आबा, त्या जीपचं सांगतो. तुम्हाला गिऱ्हाइकाची गाडी चालवायची असली की आधी डाव्या पायातली चप्पल काढायची सवय. चप्पल सीटखाली सारायची आणि अनवाणी पायानं क्लच दाबायचा, म्हणजे तळव्याला प्लेट कळते म्हणायचात. मला शिकवताना माझीही काढायला लावलीत. एकदा मी पाय क्लचवर तसाच ठेवून चालवत होतो तर गुडघ्यावर पान्हा मारलात. "त्यो पाय ठेवायचा पाट न्हाय," म्हणालात. मी अठरा वर्षांचा, लायसन्स नवं कोरं. तुम्ही जीपला लायनिंग मारून दिलंत आणि किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणालात, गडमुडशिंगीला नेऊन पोचव, सरळ जा आणि एस्टीनं परत ये. मी निघतो. चौकात दोन दोस्त भेटतात. एक म्हणतो, गगनबावड्याला धुकं काय पडलंय म्हणून सांगू. मुडशिंगी एका दिशेला, गगनबावडा बरोबर उलट्या. आम्ही गगनबावड्याला जातो.

धुकं खरंच होतं. दोन हातांवरचं दिसत नव्हतं, आणि आम्ही घाटात चढावर जीप उभी करून एकमेकांचे फोटो काढत होतो. हँडब्रेक ओढायचं कुणाला सुचतंय. मी बूट घालून, निम्मा क्लच दाबून, ॲक्सिलेटर देत जीप तशीच धरून ठेवत होतो. कणसं भाजून घेतली, ती खाऊन परत तेच. जळका वास आला तर दोस्त म्हणाला, कणसाचा असेल. संध्याकाळी मी जीप मुडशिंगीत मालकाच्या दारात लावली, त्यानं चहा पाजला आणि तुमच्या हाताचं कौतुक केलं.

चौथ्या दिवशी तो जीप ट्रॅक्टरला बांधून घेऊन आला. दूध गोळा करणारा माणूस, सकाळचं सगळं दूध नासलेलं. गल्लीत उभा राहून ओरडला, "लायनिंग मारलंय का पापड चिकटवलाय?" आजूबाजूचे सगळे गाळे बाहेर आले. तुम्ही गिअरबॉक्स उतरवलात, प्लेट हातात घेऊन उलटीसुलटी केलीत. मी पान्हे पुसत होतो. एकदाच मान वर केली तेव्हा तुम्ही माझ्याकडं बघत होतात. मग त्याला म्हणालात, "माझ्या हातनं चूक झाली, पावणं." दुसरी प्लेट बसवून दिलीत, नासलेल्या दुधाचंही भरून दिलंत. मला वाटलं, सुटलो. त्यानंतर गल्लीत पसरलं की म्हाताऱ्याचा हात गेला. कामं मामांकडं वळायला लागली. तुम्ही गाळ्याबाहेर स्टूल टाकून बसायचात, आणि पुढच्या वर्षी तुम्हीही गेलात.

इतकी वर्षं मला एवढंच खात होतं की तुम्हाला माहीत नसताना तुम्ही माझं खापर डोक्यावर घेतलंत. परवा चहा पिता पिता मामांनी माझ्या गाडीची प्लेट उचलली आणि म्हणाले, पायताण घालून क्लचवर उभा राहत होतास काय रं. मी विचारलं, कशावरनं? त्यांनी बोट फिरवून दाखवलं. लायनिंग किंवा ठोकणी खराब असली तर रिबिटा सुटतात, तुकडे पडतात. इथं सगळ्या रिबिटा जागच्या जागी, आणि वरचं लायनिंग जळून काचेसारखं चकचकीत. "हे चालवणाऱ्याच्या पायाचं काम. आंधळ्यालाबी हातानं कळंल." मग सहज म्हणाले, त्या जीपची प्लेट मात्र तुझ्या बापानं कुणाला दाखवली न्हाय. मागितली तरी दिली न्हाय, धोतराच्या फडक्यात गुंडाळून घरी नेली.

घरी गेली ती कुठं आहे, मला माहीत होतं. स्वयंपाकघरात मोरीजवळ पाण्याची घागर ठेवायला तुम्ही ती आणली होती. आई रोज तिच्यावरच घागर ठेवते, अकरा-बारा वर्षं घरी असलो की मी तिथंच वाकून पाणी प्यायलोय. काल आई बाहेर गेल्यावर घागर उतरवली. वरच्या बाजूला गंज होता, खालची बाजू फडक्यानं पुसली. रिबिटा मोजल्या. एक सुटलेली नाही. लायनिंगवर, माझ्या गाडीच्या प्लेटवर आहे तोच आरसा. आणि मग मला आठवलं की जीपचा गिअरबॉक्स उतरवायच्या आधी तुम्ही तिच्या मडगार्डमधनं पडलेली माती स्वतः झाडलीत. गाळा झाडायचं काम माझं होतं. माती तांबडी होती, घाटातली. मुडशिंगीची काळी असते.

तुम्हाला माहीत होतं, आबा. मग मारायचं होतं की मला, पान्हा हातातच होता. का विचारलं नाही? मी पुढचं वर्षभर जेवताना तुमच्यासमोर बसत होतो. मी आपणहून सांगीन म्हणून थांबला होतात काय? रात्री एकदा तुम्ही म्हणालात, काय बोलायचंय का, आणि मी म्हटलं, मीठ द्या.

नवा सेट नको, शर्यतीचाही नको. लायनिंगच मारायचं ठरवलंय, मामांना आज सांगायचंय. जीपची प्लेट पिशवीत घालून आणलीय, त्यांच्या बाकड्यावर ठेवायला, गल्लीसमोर. त्यांचा गाळा केव्हाच उघडलाय. मी समोरच्या टपरीवर बसून हेच लिहितोय, तिसरा चहा झाला.

घरातनं निघताना आईनं विचारलं, घागरीखालचं कुठं नेतोस? मी म्हटलं, गाडीला लागणार हाय. परत खोटंच बोललो, आबा.