गाडीतला ओटा

१ नोव्हेंबर, शुक्रवार

मागच्या सीटा काढल्या! सगळ्या. दोन बोल्ट गंजलेले, एक तर हातोडी खाल्ल्याशिवाय हललाच नाही. अंगठा सोलवटला. सीटा आता खुराड्याशेजारी पडल्यात, आणि बाबांच्या लँडक्रूझरचं पोट रिकामं.

थोरला भाऊ मुसल्लम मस्कतहून सुट्टीला आलाय. दारात उभा राहून बघत होता. "रय्या, गाडी विकायचीय, सोलायची नाहीये."

विकायची त्याला आहे! बाबांच्या डोळ्यांनी दगा दिला आणि थोरल्या चिरंजीवांनी सगळं परस्पर ठरवून टाकलं. गाडी विकायची आणि तफूल आत्याला वाळूतून उचलून इथे नव्या घरात आणून बसवायचं. आत्या तिथेच जन्मली. तिला चाळीस शेळ्या आहेत, दोन उंटिणी आहेत. तिला यायचं नाहीये. वीस वर्षं दर गुरुवारी बाबांनी तिला पाणी, गॅस, चारा पोचवला. आता मी पोचवणार. त्यासाठी मागे पक्का ओटा हवा, सामान बांधायला.

जाताना मुसल्लम अट घालून गेला. "एकदा जरी काही मोडलं, तर किल्ली माझी." म्हटलं, मंजूर!

३ नोव्हेंबर, रविवार

सगळी दुपार पीरबक्षच्या वेल्डिंगच्या दुकानात. बलुची म्हातारा, जीभ कटरपेक्षा धारदार.

"हमूदची पोरगी, हे काय, लग्नाचं स्टेज करतेस?"

"स्टेजच! वर पाण्याचे कॅन नाचणार आहेत."

"नाचले तर तुझ्याच टाळक्यात येतील."

पण सांगाडा झकास करून दिला. लोखंडी अँगल, वर जाड प्लायवूड, खाली हत्यारांसाठी दोन खण, कडेला पट्टे अडकवायला सहा कड्या. पुढचे दोन बोल्ट सीटच्या जुन्या भोकांत बसतात, ते मजबूत. मागच्या दोन बोल्टांसाठी नवी भोकं पाडावी लागणार, आणि तिथला पत्रा पातळ. पीरबक्ष म्हणाला, "तिथे गाडीखालून तळहाताएवढी लोखंडी पट्टी लावल्याशिवाय ओझं घालायचं नाही. मी भाचीच्या लग्नाला सोहारला चाललोय. पुढच्या आठवड्यात ये."

पुढच्या आठवड्यात! म्हणजे हा गुरुवार चुकला. पहिलाच! मुसल्लमला आयतंच कोलीत.

५ नोव्हेंबर, मंगळवार

भोकं मीच पाडली. आधी खाली शिरून पेट्रोलची टाकी कुठे आहे ते पाहिलं, एवढी काही वेडी नाही. पट्टीऐवजी दोन-दोन वायसर घातले आणि नट असे आवळले की पाना हातातून सुटला. हलवून पाहिलं, ढिम्म.

६ नोव्हेंबर, बुधवार

बाबांना हात धरून वर बसवलं. त्यांनी ओटा चाचपला, ठोकला, मांडी घातली आणि म्हणाले, "कॉफी इथेच आण." मला रडू आलं. येऊ दे.

७ नोव्हेंबर, गुरुवार

गेले आणि आले!

आठ कॅन, दोन सिलिंडर, चार पोती चारा. वाळूच्या तोंडाशी चाकांतली हवा निम्मी केली, रुतू नयेत म्हणून. चढ सगळे मस्त. मोठ्या उतारावर मात्र मागे धाडकन आवाज झाला, आणि एक कॅन येऊन माझ्या सीटच्या पाठीवर आदळला. उतरून पाहिलं. मागचे दोन्ही बोल्ट वायसरांसकट पत्रा फाडून वर आले होते. ओटा मागून वीतभर उचलून पुढे कललेला. दोर काढला, ओट्याच्या कड्यांतून ओवून गाडीच्या मागच्या हुकांना करकचून बांधला, आणि तशीच पोचले. आत्याने खजुराचं ताट पुढे केलं आणि म्हणाली, "हमूदने पोरगी पाठवली, बरं केलं."

संध्याकाळी घरी आले तर मुसल्लम हजर. रीतीप्रमाणे त्याने विचारलं, "काय खबर?" मीही रीतीप्रमाणे म्हणाले, "खबर काही नाही, सगळं ठीक." घरात कुणी मेलं तरी आमच्याकडे आधी हेच म्हणतात. मग कॉफी होते, आणि मग खरं काय ते सांगतात.

कॉफी झाली. त्याने आता पुरे म्हणून पेला हलवून खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिला. वाट बघत होता. मी आत्याच्या शेळ्यांचं बोलत बसले.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

नाही सांगितलं. नाहीच सांगणार! दोन बोल्टांपायी आत्याचं घर मोडू? रविवारी पीरबक्ष आला की पट्टी बसेल, विषय संपला. मुसल्लमने तरी कधी सगळं सांगितलंय आम्हाला?

१० नोव्हेंबर, रविवार

पीरबक्ष आला नाही. लग्न लांबलं म्हणे. दोर घट्ट आहे, आजच पाहिला.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारी बाजारातून आले तर अंगणात गाडी नाही. बाबाही नाहीत.

फोनवर मुसल्लमचा व्हॉइस मेसेज होता. चक्क हसत होता. "रय्या, रजा काढून आलो. बाबांना आत्याला भेटायचंय, त्यांच्याकडची किल्ली घेतली, घेऊन चाललोय त्यांना. तुझ्या ओट्यावर बारा कॅन टाकलेत! तो घाणेरडा दोर कशाला बांधला होतास? सोडला आणि नीट पट्टे लावले. आत्याला सांगायला चाललोय, की तू तिथेच राहा म्हणून. सगळं ठीक म्हणालीस ना, मग मी कोण अडवणारा? जिंकलीस बाई."

दहा वेळा फोन लावला. वाळूत रेंज कुठली! शेजारच्या सालिमचा पिकअप मागितला, चावी घेऊन धावतच सुटले.

१३ नोव्हेंबर, बुधवार

इब्रा शहरातल्या इस्पितळात लिहितेय, बाकड्यावर.

मोठ्या उतारावर झालं. पुढचे बोल्टही उखडले, ओटा सगळ्या कॅनसकट पुढे आला, बाबांच्या सीटची पाठ मोडली. त्यांच्या उजव्या खांद्याचं हाड तुटलंय, दोन बरगड्या तडकल्यात. जिवावरचं नाही, डॉक्टर तीनदा म्हणाले. मी तीनदा विचारलं म्हणून.

मुसल्लमच्या कपाळाला टाके आहेत. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगतोय, "पट्टे मी नीट लावले नव्हते. माझी चूक." काका आले, मामा आले, सालिम आला, सगळ्यांसमोर तेच. मी कोपऱ्यात उभी. एक शब्द फुटला नाही तोंडातून. मी, जी बारा दिवस सगळ्यांशी भांडतेय!

बाबा पडल्या पडल्या म्हणाले, "पोरीच्या ओट्याला काही झालं नाही ना?"

१४ नोव्हेंबर, गुरुवार

आज सांगितलं. बाबांच्या खाटेशी, काका-मामांसमोर. फाटलेला पत्रा, वायसर, दोर, सगळं. मुसल्लमने हातही पुढे केला नाही. माझ्याकडची किल्ली मीच त्याच्या तळव्यावर ठेवली.