जड रॅकेटची सवय

बाबा, मी रॅकेट बदलली. तुम्ही असतात तर आधी नवी हातात घेतली असती, दांड्याखाली एक बोट धरून तोल पाहिला असता आणि परत दिली असती. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की माझी मुलगी तुम्हाला फक्त फोटोतून ओळखते. तरी हे आधी तुम्हालाच सांगावंसं वाटलं.

उजव्या कोपरानं वर्षभर छळलं. सुरुवातीला फक्त सर्व्हिस करताना कळ यायची, मग दुधानं भरलेला गंज उचलतानाही यायला लागली. मी कुणाला बोलले नाही. माझ्यासोबत रोज सकाळी खेळते ती मैत्रीण धंतोलीतल्या एका दवाखान्यात आयुष्यभर सिस्टर होती, तिच्यापासून मात्र लपलं नाही. एकदा खेळ झाल्यावर थर्मासमधला चहा ओतत होते, तर म्हणाली, "डाव्या हातानं ओतून राहिली तू. मले काय दिसत नाही का? काहून लपवते वं?" दुसऱ्या दिवशी तीच मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी कोपर दाबून पाहिलं, रॅकेट मागून घेतली, हातात तोलली. म्हणाले, "या वयात इतकी जड रॅकेट? हलकी घ्या, नाहीतर खेळ सोडावा लागेल." बाहेर येऊन मी दवाखान्याच्या पायरीवर बसले. मैत्रीण शेजारी बसून राहिली.

जड रॅकेट मीच निवडली होती, तुम्हाला आठवत असेल. कोराडीच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत टेनिसचं कोर्ट होतं, साहेबलोकांचं. तुम्ही कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर. डबल्सला चौथा माणूस कमी पडला म्हणून एका साहेबांनी तुम्हाला बोलावलं आणि तुम्ही कॅनव्हासचे बूट घालून गेलात. पुढे ते तुम्हाला रोजच बोलवायला लागले. खेळायच्या आधी तुम्ही नेटच्या पांढऱ्या पट्टीवरची राख फडक्यानं पुसायचात, ती मला अजून दिसते. मला मूठ कशी धरायची ते तुम्ही स्वयंपाकघरात शिकवलं, आईच्या हातातला पोळी उलटायचा सराटा घेऊन. "याच्याशी हात मिळव, दाबू नको." तव्यावरची पोळी करपते आहे आणि आई म्हणते आहे, "पोरीले टेनिस शिकवा, पण माझा सराटा द्या आधी."

मग सीताबर्डीच्या दुकानातला तो दिवस. दुकानदारानं दोन रॅकेट पुढे ठेवल्या. एक साधी, हलकी. दुसरी काळी, तिच्यावर लाल पट्टा. मी काळीवर हात ठेवला. तुम्ही ती उचलून पाहिली. "जड हाये थे," एवढंच म्हणालात. मी हात काढला नाही. तुम्ही घेऊन दिलीत. शाळांच्या स्पर्धेत मी अंतिम सामना हरले आणि परतीच्या बसमध्ये म्हणाले, की रॅकेट फार जड आहे. तुम्ही खिडकीबाहेर पाहत होतात. मान न वळवता म्हणालात, "तूच निवडली ना? आता तिच्यासारखं खेळाले शिक." त्याहून कडक तुम्ही मला कधी बोलला नाहीत.

दुसऱ्या संध्याकाळपासून तुमचं सुरू झालं. चेंडू समोरच्याच्या रॅकेटवरून सुटायच्या आत तुम्ही ओरडायचात, "आधी." जड आहे, म्हणून हात आधी मागे ने. आधी वळ, आधी निघ. पुढे आजारपणात आवाज निघेना, तेव्हा कोर्टाच्या कडेला बसून तुम्ही खुर्चीच्या दांडीवर बोट आपटायचात. मला ते ऐकू यायचं. तुमच्यानंतर मी दर वेळी शोधून त्याच वजनाची रॅकेट घेतली. याआधीचीही तशीच, अतिशय आवडती.

दुकानदार आता रॅकेट घरी न्यायला देतात. "मॅडम, पहले खेलके देखो, फिर लेना," म्हणत एकानं तीन डेमो रॅकेट पिशवीत घातल्या. पहिली इतकी हलकी की हातात काही आहे असं वाटेना. जोराचा चेंडू आला की ती मनगटातच फिरायची. दुसरीनं चेंडू छान लांब जायचा, पण प्रत्येक फटक्याचा हादरा थेट कोपरात. तिसरी मऊ, तोंडानं रुंद. तिच्यानं हात दुखला नाही, पण एकही फटका धड बसेना. सगळे चेंडू डावीकडे रेषेबाहेर. मध्येच मी माझी जुनी घ्यायचे, दोन फटके सरळ जायचे, कोपरात कळ यायची, की पुन्हा तिसरी. मी चिडले. म्हटलं, ही रॅकेटच बेकार आहे.

मैत्रीण नेटजवळ आली. "रॅकेट बरी हाये. तू घाई करून राहिली. कोण मांगं लागलं तुह्या? चेंडू येऊ तर दे."

बाबा, मी तिथेच उभी राहिले. ती खरं बोलत होती. हलकी रॅकेट लवकर फिरते, तिला थांबावं लागतं. आणि माझ्या कानात तुम्ही. चेंडू सुटला की तुमचा आवाज, आवाज आला की माझा हात मागे. खेळ सोडायचा नसेल तर ही एक गोष्ट सोडावी लागणार होती. नेमकी तीच, जी तुम्ही जाताना माझ्या अंगात ठेवून गेलात. त्या दिवशी मी पुढे खेळले नाही. घरी येऊन मुलीवर उगीच वैतागले.

तिसरी विकत घेतली. पुढचे कित्येक आठवडे मी हरत राहिले. तुमचा आवाज यायचा, मी मनात म्हणायचे, थांबा बाबा, आणि तोवर चेंडू निघून जायचा. मैत्रीण दमानं चेंडू देत राहिली. हळूहळू कोपर सुटलं. दुधाचा गंज उजव्या हातानं उचलते आता.

आज सकाळी मी सेट जिंकले. मैत्रीण नॅपकिननं तोंड पुसत म्हणाली, "आज बरी खेळली तू." आम्ही पोहे खाल्ले, मी घरी आले, कपडे वाळत घातले. दोरीवर शेवटचा टॉवेल टाकताना लक्षात आलं, की त्या सबंध सेटमध्ये तुमचा आवाज आला नव्हता आणि मला तो आठवलाही नव्हता. तशीच ओल्या हातांनी लिहायला बसले. हे पत्र टाकायला पेटी नाही, घरात कुणाला वाचूनही दाखवणार नाही. कपाटात कपड्यांखाली राहील. वाईट वाटलं बाबा, फार वाटलं. पण खेळताना मला मजा आली होती.