जड चाक

बाबा, शेडसमोर बांधलेली ती पांढरी बोट तुम्ही पाहिलेली नाही, तुम्ही गेल्यानंतर ती वर्सोव्यात आली. शूटिंगवाल्यांना मढला नेते-आणते. मागे एकच आउटबोर्ड इंजिन आहे आणि स्टिअरिंग हायड्रॉलिक, म्हणजे तुमच्या भाषेत तेलावरचं. नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात उतरली तेव्हापासून तिचं चाक जड. ती चालवणारा तांडेल सांगत होता, एक वळण घेतलं की दंड भरून येतात. आधी अंधेरीच्या एका कारखान्यात नेली होती. त्यांनी चाकामागचा पंप बदलला, तेल बदललं, पैसे घेतले, आणि चाक होतं तितकंच जड राहिलं. मग ती आपल्या शेडवर आली. मी अजून आपलीच म्हणते, पण चालवते एकटीच. मला दुसरं काही येतही नाही.

तुम्ही मला ओरडलात तो दिवस या बोटीने पुन्हा समोर आणून ठेवला. मी कॉलेज सोडून नुकतीच तुमच्या हाताखाली आलेय. एक बोट येते, चाक हलत नाही, आणि मी मोठ्या तोऱ्यात जाहीर करते, "पंप गेलाय." तुम्ही हातातला पाना फळीवर आपटता. "उगाच पंपावर आळ कित्याक घेतंस गो? आधी दोनय येगळे कर, मगे बोल." आजूबाजूचे कोळी हसतात आणि मला कुठे तोंड लपवू असं होतं. मग तुम्ही सिलिंडरचा दांडा इंजिनापासून सोडवता. आता चाक वेगळं, इंजिन वेगळं. चाक फिरवून बघायचं, मग मागे जाऊन इंजिन हातांनी ढकलून बघायचं. जे हलणार नाही, दुखणं तिथे. आणि काम झाल्यावरचा तुमचा तो हट्ट: पाण्यात गेल्यावर चाक पहिल्यांदा मिस्त्रीने फिरवायचं, बोटवाल्यांच्या देखत, नुसत्या करंगळीने. करंगळीने फिरलं नाही तर बोट द्यायची नाही.

मी तसंच केलं, बाबा. दांडा सोडवला. तांडेलाने चाक फिरवलं, ते भिरभिर फिरलं. मग त्यानेच मागे जाऊन इंजिन ढकललं, ते जागचं हललं नाही. इंजिन ज्या खुंट्यावर डावं-उजवं वळतं, तिथलं जुनं ग्रीस सुकून डांबर झालं होतं. बिचाऱ्या जुन्या पंपाची उगाच हकालपट्टी झाली होती. खुंटा शेकला, तेल सोडलं, आणि ग्रीसगनने नवं ग्रीस भरत राहिले, आतलं काळं सगळं बाहेर येईपर्यंत. गनचा दांडा हातातून सारखा सुटत होता. मला वाटलं, हात तेलकट झालेत. शेवटी तांडेलाने एका हाताने इंजिन इकडून तिकडे वळवून दाखवलं, मी दांडा परत जोडला आणि आम्ही खाडीच्या तोंडाशी गेलो.

मी चाकाला करंगळी लावली. हललं नाही. मूठ लावली, मग दोन्ही हात लावले. वळलं, पण केवढं ओढावं लागलं! मी म्हटलं, अजून जड आहे.

"ताई, काय बोलतेस? झकास झालंय ना!" तांडेल पुढे आला आणि त्याने करंगळीने चाक पार डावीकडून उजवीकडे नेलं. हसतच होता तो. मी पुन्हा धरलं. पुन्हा जड. चाक वेगळं तपासून झालं होतं, इंजिन वेगळं तपासून झालं होतं. आता तपासायला मीच उरले होते.

तुमची शेवटची बोट आठवली. तुम्ही तिच्या मालकाला म्हणत होता, अजून जड आहे, नेऊ नका. तो घेऊनच गेला, आणि दुसरीकडे तिच्यात काहीच सापडलं नाही. त्या दिवशी कांदिवलीला घरी येऊन तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून राहिलात, चहा निवून गेला तरी. पुढे डॉक्टरांनी नसांचं दुखणं सांगितलं, घराण्यात उतरतं असंही सांगितलं. आधी शर्टाची बटणं गेली, मग चमचा गेला. शेवटी आई तुम्हाला पेज भरवायची आणि तुम्ही भिंतीकडे बघत तोंड उघडायचात. तुमची ती नजर मला अजून विसरता आलेली नाही. मला भरवायला कोण आहे, बाबा? आई आहे, पण तिचं वय बघा. एकाच बाईने हे दोनदा का करायचं?

आणि तिला कळलंय. तुमच्यासाठी ती लोणच्याच्या बरणीचं झाकण न बोलता सैल करून ठेवायची ना? परवा मी जेवायला बसले, बरणी ओढली, झाकण आधीच सैल होतं. ती ओट्याकडे तोंड करून उभी राहिली, वळली नाही. मी लोणचं वाढून घेतलं. माझी वाट लागलीय हे आम्हा दोघींना ठाऊक आहे आणि दोघी आमटीत मीठ कमी आहे का त्यावर बोललो.

डॉक्टरकडे अजून गेलेले नाही. जाऊन काय ऐकायचं ते पाठ आहे.

हे पत्र कुठे पाठवायचं हा प्रश्नच नाही, पण पत्ता असता तरी पाठवलं नसतं. तांडेल विचारत होता, "मग नेऊ ना बोट?" मी म्हटलं, "नको, तेलात हवा राहिलीय, म्हणून जड लागतं. उद्या काढते." तो "बरं ताई" म्हणाला, त्याला ते खरं वाटलं. तुम्हाला वाटलं नसतं. हवा राहिली की चाक पोकळ लागतं, जड लागत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. उगाच तेलावर आळ घेतला मी.