म्हैस बिळात शिरली

३ ऑगस्ट
शाळा, दवाखाना, वाचनालय आणि आमची सोसायटी, चौघांनी मिळून मुलांच्या शिक्षणाची आणि आरोग्याची जबाबदारी घेतली आहे. मीटिंगमध्ये सगळे माना डोलावत होते, काम मात्र माझ्याकडे आलं. पद : वाचन-सोबती. आठवड्यातून दोनदा मुलांचं वाचन ऐकायचं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं काढली. ऐकणं मला कुणी शिकवू नये.
संकल्प : पुस्तक हातात घ्यायचं नाही, डोळे मिटून ऐकायचं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर तसंच ऐकायच्या, कानामात्रा सुटत नसे.

६ ऑगस्ट
माझ्या वाट्याला शिंपीणबाईंची मुलगी. वय नऊ. आधी कॉपी करणाऱ्यांवर वीस मिनिटं बोलले. मग तिने वाचलं, ‘म्हशी बिळात शिरली.’ शिवाय एकवचन-अनेकवचनाचा पत्ता नाही. म्हैस बिळात कशी शिरेल गं, असं विचारलं. तिने तेच पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदाही तेच. चौथ्यांदा रडली.

१० ऑगस्ट
फॉर्ममध्ये ‘अडचण’ असा रकाना आहे. ‘पुटपुटते’ असं लिहिलं. पालकसभेत गोष्ट वाचायला तिलाच निवडलं होतं म्हणे. माझा फॉर्म पाहून मुख्याध्यापिकांनी नाव काढलं. आता कॅन्टीनवाल्याची थोरली वाचणार. मुलं तिला भोंगा म्हणतात. उच्चार अतिशय स्पष्ट.

११ ऑगस्ट
शेजारीण म्हणाली, शिंपीणबाई दहा मिनिटं तुमची बेल वाजवत होत्या. बेल बिघडली असणार. पालकसभेसाठी पोरीला नवा फ्रॉक शिवलाय, आता त्याचं काय करू, असं विचारायला आल्या होत्या. मला काय विचारता? कापड मी बेतलं होतं का?
जेवण गेलं नाही. भाजी कडू होती.

१३ ऑगस्ट
इलेक्ट्रिशियन बेल ठीक आहे म्हणाला. ओरडून म्हणाला. उद्धट. धाकट्या बहिणीला फोन केला. ताई, तू आधी तुझे, एवढं म्हणून पुढचं पुटपुटली. हल्ली सगळेच पुटपुटतात.
संकल्प : फॉर्म परत मागायचा. उद्याच.

१४ ऑगस्ट
मागितला नाही. पाठ दुखत होती.

१७ ऑगस्ट
आज एक डोळा उघडला. पुस्तकात ‘सशी’ आहे. सशी बिळात शिरली. लेखकाने सरळ ‘मादी ससा’ लिहायला काय हरकत होती?
फॉर्म दुरुस्त करायला हवा. पण खोडाखोड मला खपत नाही.
झोप नाही. तिने चार वेळा बरोबर वाचलं होतं.

२० ऑगस्ट
दवाखान्याची माणसं शाळेत मुलांचे कान तपासायला आली. मुलं घाबरली, म्हणून धीर द्यायला मीच पहिली बसले. हेडफोन लावायचे, आवाज आला की हात वर. बराच वेळ झाला तरी ती बाई सुरूच करेना. आता झाडणार, तेवढ्यात समोर शिंपीणबाईंची मुलगी दिसली. आवाज सोडला की यंत्रावर दिवा लागतो, तो तिला दिसत होता. दर वेळी ती हळूच बोट वर करायची.
मी हात वर केला. मग पुन्हा. मग प्रत्येक वेळी.
निकाल : श्रवण उत्तम.
बासष्टाव्या वर्षी कॉपी केली. तीही कुणाची!

२१ ऑगस्ट
मुख्याध्यापिकांना सगळं सांगितलं. सगळं म्हणजे फॉर्मचं. त्या बराच वेळ बोलल्या, मी मान हलवली. शेवटी त्यांनी कागदावर लिहून दिलं : ‘ती वाचेल. तुम्ही पहिल्या रांगेत बसा.’

२२ ऑगस्ट
तिने वाचलं. निळा फ्रॉक. मी डोळे उघडे ठेवून तिच्या ओठांकडे पाहत होते. लोक हसले तिथे हसले, टाळ्या वाजवल्या तिथे वाजवल्या. भोंगा माझ्या शेजारी बसून रडत होती. तिला वगळल्याचंही खापर माझ्याच माथी.
कार्यक्रमानंतर पोरीला जवळ घेऊन शाबासकी दिली, सॉरी म्हटलं. ती काहीतरी म्हणाली. असू दे आजी, असं असणार. माझे डोळे भरून आले. तिने पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदाही. चौथ्यांदा तिने खाली बोट दाखवलं.
मी तिच्या पायावर उभी होते.