नव्या पिसाचं पहिलं नाव

विल्ना, थंडी सरता सरता

माझी ब्रायना,
देव तुला आणि आपल्या लेकीला, झिसलला सुखरूप ठेवो.

मी बरा आहे. घरमालकीण बीटचं सूप देते, कधीमधी त्यात बटाटाही सापडतो. तोरा या पवित्र ग्रंथाची प्रत लिहून होत आली आहे. आपल्या गावी ज्यूंविरुद्ध दंगल झाल्याचं इथे बोलतात, पण लोक काय, राईचा पर्वत करतात. तुझं पत्र का येत नाही? छप्पर धड आहे ना?

झिसल चालताना मागे राहते. तिचा हात सोडू नकोस. आपल्या जुन्या वैऱ्यांनी, अमालेकांनी, आपल्या पूर्वजांवर घाला घातला, तोही मागे राहिलेल्या थकल्याभागल्यांवरच.

आज सकाळी लिहायला नवं पीस तासलं. तुला ठाऊकच आहे, आम्ही लेखनिक आधी चिठोऱ्यावर 'अमालेक' लिहितो आणि खोडतो. वैऱ्याचं नाव पुसलं जातं, पीस कसं चालतं तेही कळतं. आज माझं चित्त तुमच्यापाशी होतं. हाताने लिहिलं 'झिसल'. आणि मला कळायच्या आत, सवयीने, त्यावर रेघ ओढली.

शेजारी बसणारे झेलिकबाबा ओरडले, "अरे लिपा, शाईत आसवं कशाला पाडतोस? आधीच पातळ आहे!" मग त्यांनी तो चिठोरा पाहिला आणि माझ्यापुढची दौत हळूच बाजूला सरकवली.

तेव्हापासून एक अक्षर लिहिलेलं नाही. ब्रायना, तू नाही लिहिलंस तरी चालेल. झिसलच्या हातात पेन्सिल दे, तिला स्वतःचं नाव लिहू दे. वेडंवाकडं असू दे. मला ते रेघेशिवाय बघायचं आहे.

दाराकडे डोळे लावून बसलेला,
तुझा लिपा