खिंडीपलीकडची बोली

धाकटे,

लहानपणी मी बाबांबरोबर लोकर निवडायला जायचे आणि तू आईच्या कुशीत बसून तिची बोली शिकायचीस. मग लग्न होऊन खिंडीपलीकडे, तिच्याच माहेरच्या लोकांत गेलीस. आई महिनाभर रडली. मी इथेच राहिले, त्याचं कुणाला काय!

अर्धांगाचा झटका आल्यापासून ती आपली इकडची भाषा विसरली आहे. डोळे तर आधीच गेलेत. दिवसभर तिकडचंच बोलते. तिचं हगणं-मुतणं मी काढते, आणि मलाच त्यातलं अक्षर कळत नाही. काल तुमच्याकडचा मीठवाला दारावर आला, त्याला हाताला धरून आत नेलं. तो म्हणाला, "धाकटी आली का, एवढंच विचारतायत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी त्याच्याकडून एक शब्द घोकून घेतला.

आज आईने विचारलं, तेव्हा मी तिच्या बोलीत म्हटलं, "आले."

तिने माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

बर्फाने खिंड बंद व्हायच्या आत ये, असं कळवायला बसले होते. आता नको येऊस. तू पोचलीस.

तुझी ताई