सातवीतले उरलेले चौघे

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (कागदावर घालते आहे, त्यात समाधान मान. प्रत्यक्ष घातला तर मला उठवायला दोन माणसं लागतील.) तुझा रक्तदाब कसा आहे? भावजींचं कानाचं यंत्र सापडलं का? ते हरवत नाही, ते त्यांना नको असतं, हे मी तुला मागेही सांगितलं होतं. पण धाकट्या बहिणीचं कोण ऐकतं! माझे गुडघे कुरकुरतात, आणि घरात कुरकुरायचा हक्क आता तेवढ्यांनाच उरला आहे. सूनबाई म्हणते, "आई, तुम्ही शांत राहायला शिका." मी शांतच आहे. पत्र पूर्ण वाचलंस की तुलाही पटेल की माझ्या जागी दुसरी कुणी असती तर एव्हाना तिनं शाळेच्या फाटकावर धरणं धरलं असतं.

शाळा म्हणजे आपल्या नातीची. सातवीचा निकाल गेल्या वर्षी इतका पडला की मुख्याध्यापिकाबाईंना कुठल्याशा प्रशिक्षणाला पाठवलं गेलं. तिथून त्या परत आल्या त्या डोळ्यांत वेगळीच चमक घेऊन. (अशी चमक मी नोकरीत असताना पाहिली आहे. आमचे साहेब प्रशिक्षणाहून आले की पहिल्यांदा खुर्च्यांच्या जागा बदलत.) बाईंनीही बाक हलवले. आता वर्गात ओळी नाहीत, चौघाचौघांचे गट आहेत. अभ्यास गटानं करायचा, एकमेकांना विचारायचं, एकमेकांना सांगायचं. आपल्या कॉन्व्हेंटमध्ये ह्याला कॉपी म्हणत आणि सिस्टर त्याबद्दल तासभर उभं करत. मी अख्खं शालेय जीवन डाव्या हाताचा आडोसा करून पेपर लिहिण्यात घालवलं. आता कळतं की ती माझी संघभावनेची उणीव होती.

इथवर मी सोसलं असतं. पण बाईंनी वर एक नियम केला, की गटातल्या सगळ्यांत कच्च्या मुलाला जेवढे गुण पडतील तेवढेच चौघांनाही मिळणार. म्हणजे हुशार मुलं झक मारत कच्च्यांना शिकवतील. बाईंचा हेतू चांगला आहे, ह्यात शंका नाही. फक्त त्या कधी बारा वर्षांच्या नव्हत्या एवढंच दिसतं. गट मुलांनी आपापले करायचे होते. मधल्या सुट्टीत अशी खेचाखेची झाली म्हणे, की लग्नाच्या बाजारात नसेल. हुशारांचे गट दोन घास खाऊन होईपर्यंत जमले. आणि कच्ची मुलं? ती डबा मांडीवर घेऊन बघत बसली.

आपली नात त्यांच्यात होती, ताई. तुला माहीतच आहे, तिला येत नाही असं काही नसतं, पण ती हळू लिहिते. अक्षर कोरून काढते. पेपर कधी पुरा होत नाही. वर्गात तिला 'मालगाडी' म्हणतात. ती घरी आली, बूट न काढता पलंगावर बसली आणि म्हणाली, "आजी, मला कुणी घेतलंच नाही." शेवटी जे चौघे उरले त्यांचाच एक गट करून टाकला. आपली मालगाडी, अखंड बोलणारी एक मुलगी, तिला 'रेडिओ' म्हणतात, प्रत्येक गोष्टीला 'का?' विचारणारा एक मुलगा, तो 'वकील'. आणि एक गोलमटोल पोरगं, पहिल्या तासापासून पेंगणारं, ते 'उशी'. वर वर्गशिक्षिकेनं सूनबाईला बजावलं, की हिला वार्षिक परीक्षेत कमी पडले तर खालच्या तुकडीत टाकावं लागेल. त्या तुकडीत काय शिकवतात ते कुणी पाहिलेलं नाही, कारण तिथं शिकवायला कुणी जात नाही.

साहजिकच मी शाळेत गेले. सूनबाई दारात आडवी उभी राहिली होती, पण माझ्याकडे छत्री होती. मुख्याध्यापिकाबाईंना मी सभ्य शब्दांतच सुनावलं. (शिपायाला ते जिन्याखालपर्यंत ऐकू आलं, तो त्याच्या कानांचा दोष.) बाई हसत राहिल्या. म्हणाल्या, "आजी, तुमच्यासारखी तळमळीची माणसंच आम्हाला हवी आहेत," आणि मला पालकांच्या संघात घेऊन मोकळ्या झाल्या! त्या संघात एक दातांचे डॉक्टर, त्यांचा मुलगा वर्गात पहिला येतो, एक बेकरीवाल्या बाई, त्या चांगल्या आहेत, कारण येताना काहीतरी खायला आणतात, आणि मी. पहिली बैठक संघाला नाव काय द्यावं ह्यात गेली. दुसरी बैठक, पहिल्या बैठकीत जे नाव ठरलं ते कुणाला आठवेना म्हणून गेली.

शिक्षकांचाही संघ होताच. त्यांनी रोज एकत्र बसून बेत आखायचा होता. पण गणिताचे सर आणि विज्ञानाच्या बाई ह्यांचं शिक्षकखोलीतल्या पंख्यावरून वाजलेलं आहे, आणि तेव्हापासून ते एकमेकांशी बोलत नाहीत. आता संघभावना म्हणून ते एका टेबलाशी बसतात आणि चित्रकलेच्या सरांमार्फत बोलतात. "सर, त्यांना सांगा, टक्केवारी अजून झालेली नाही." "सर, त्यांना विचारा, मग वर्षभर काय केलं?" चित्रकलेचे सर बिचारे मान इकडून तिकडे वळवून मानेला पट्टा लावायच्या बेताला आले आहेत. आणि शिक्षक बैठकीत असल्यामुळे वर्गावर कुणीच नसतं, ते वेगळंच.

तेव्हा मुलांनी अभ्यास कसा करावा हे ठरवायचं आमच्या, म्हणजे पालकांच्याच, गळ्यात पडलं. बैठकीत एका अनुभवी सदस्यानं सुचवलं, की काम वाटून घ्यावं. गणिताच्या चाचणीला चार धडे आहेत: अपूर्णांक, टक्केवारी, क्षेत्रफळ, कोन. गटात मुलंही चारच. एकेकानं एकेक धडा पक्का करावा. एवढ्या मोठाल्या कचेऱ्या ह्याच तत्त्वावर चालतात. डॉक्टरांनी मान डोलावली, बेकरीवाल्या बाईंनी टाळी वाजवली आणि सगळ्या गटांना तसा निरोप गेला.

आपले चौघे आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसत. मी त्यांना योजना नीट समजावून दिली, धडे वाटून दिले आणि गप्प बसून कामाला लागा म्हटलं. ऐकतील तर शपथ! अपूर्णांक आपल्या नातीकडे होते. तिनं उत्तर सांगितलं की वकील विचारणार, "का?" मग ती परत पहिल्यापासून सांगणार, तेही लिहून, म्हणजे सूर्य मावळेपर्यंत. ती लिहीत असताना रेडिओ ते गणित क्रिकेटच्या सामन्यासारखं मोठ्यानं सांगत राहणार. त्या आवाजानं उशी जागा होणार आणि म्हणणार, "कुठलं गणित चाललंय?" की पुन्हा सगळं पहिल्यापासून! मी दोनदा खोलीत जाऊन ओरडले. म्हटलं, ज्याचा धडा त्यानं करा, दुसऱ्याच्या धड्यात नाक खुपसू नका. वकील मला म्हणतो, "का?" हल्लीच्या मुलांना घरी कुणी वळण लावत नाही.

चाचणी झाली. ताई, पेपरात चारही धडे होते. प्रत्येक मुलापुढे! हे बैठकीत कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. डॉक्टरांचा पहिला नंबरवाला मुलगा कोनांवरची गणितं अशी सोडवून आला की बघत राहावं, आणि बाकी तीन प्रश्नांच्या जागी त्यानं 'हे माझ्याकडे नव्हतं' असं लिहिलं. सगळ्या वर्गाची तीच गत. फक्त आपल्या उरलेल्यांना सगळं येत होतं, कारण प्रत्येक गणित त्यांनी चारचारदा ऐकलं होतं. नातीचासुद्धा पेपर पुरा झाला. (तिला विचारलं, कसा गं? म्हणाली, "विचार करायला थांबावंच लागलं नाही, रेडिओ डोक्यात वाजत होती.") त्यांचा गट पहिला आला. मुख्याध्यापिकाबाईंनी मैदानात भाषण केलं आणि श्रेय शिक्षकांच्या संघाला दिलं. गणिताचे सर आणि विज्ञानाच्या बाई हार घ्यायला शेजारीशेजारी उभे राहिले, चित्रकलेचे सर मधे.

मी मनात म्हटलं, चला, पोर वाचली. पण काल बाईंनी नवीन फर्मान काढलं. हे चौघे इतके गुणी निघाले, तर वार्षिक परीक्षेसाठी त्यांना फोडून एकेकाला एकेका हुशार गटाचा प्रमुख करायचं, म्हणजे यश शाळाभर पसरेल. आता जो तो त्यांना मागतो आहे. ज्यांनी हिला डबा खाताना जवळ बसू दिलं नाही, ते हिच्या दप्तराचं ओझं उचलतात. आणि ही म्हणते, "आजी, मी त्यांच्यात गेले की ते मला भरभर सांगतील आणि मी परत मागे राहीन. इथं सगळे माझ्यासाठी थांबतात." ह्यावर मी पेन उचललं आणि तुला लिहायला बसले.

भावजींना नमस्कार. यंत्र घातलेलं असेल तर मोठ्यानं सांग, नसेल तर राहू दे.

तुझी,
धाकटी

ता. क. ह्या मुख्याध्यापिकाबाई नोकरीच्या सुरुवातीला शिक्षणखात्यात तुझ्या हाताखाली होत्या असं आता कळलं. तुझं नाव निघालं की त्या अजूनही खुर्चीतून उठतात म्हणे. तेव्हा त्यांना कडक चार ओळी लिही, की ह्या चौघांना वार्षिक परीक्षेपर्यंत एकत्रच राहू द्यावं. कारण काहीही दे. तू नेहमी देतेस तसं, समोरच्याला कळणार नाही असं.

दुसरा ता. क. पत्रात एका जागी 'अनुभवी सदस्य' आला आहे, तो कोण ह्याची चौकशी करू नकोस. डॉक्टर रोज करतात. बेकरीवाल्या बाईंनी तर बैठकीला खायला आणायचं बंद केलं आहे.

तिसरा ता. क. बाईंना लिहिशील तेव्हा तू माझी बहीण आहेस हे मात्र कुठेही येऊ देऊ नकोस. पोरीचं नुकसान होईल.